सूर्याच्या डागांचा उन्हाळा

मे महिन्यात सकाळी आमच्या बुवापाड्यातल्या दारात सूर्य उतरतो. म्हणजे बाबा त्याला उतरवतात. लाकडी स्टुलाला सुतळीने बांधलेली एक जुनी दुर्बीण आहे. तिच्या एका डोळ्यावर झाकण, दुसऱ्या डोळ्याभोवती पुठ्ठ्याची कॉलर. तिच्यातून कोणी बघायचं नाही, हा घरातला पहिला कायदा. बघितलं तर डोळा जाईल. दुर्बीण सूर्याकडे तोंड करून ठेवायची आणि मागे, पुठ्ठ्याच्या सावलीत, पांढरा कागद धरायचा. मग कागदावर पुरीएवढा सूर्य येऊन बसतो, हलकासा थरथरत.

यंदा तो बराचसा कोरा आहे. परवा कडेला मोहरीएवढा एक ठिपका होता, काल तोही कडेपलीकडे गेला.

"निवत चाललाय," बाबा म्हणाले. "आता काही वर्षं असाच पडून राहील. मग परत अंगात येईल त्याच्या."

"तुमच्या तोंडी अंगात येणं शोभत नाही," आई आतून म्हणाली. बाबांनी उभा जन्म अंगात येण्याविरुद्ध पत्रकं काढण्यात घालवलाय.

कोरा सूर्य बघून मला मात्र चुकल्यासारखं होतं. मला तो दोन वर्षांपूर्वीचा मे आठवतो. तेव्हा कागदावरच्या सूर्याला गोवर उठला होता. रोज नवे डाग. एका बाजूला तर असा मोठा पुंजका, की बाबांनी आधी दुर्बिणीची काच पुसली, मग चष्मा पुसला, मग आईला हाक मारली.

"हे बघ. यात पंधरा पृथ्व्या ओळीने बसतील."

"आधी आपल्या घरात चार माणसं नीट बसू देत," आई म्हणाली, पण हात पुसून आली आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

त्या उन्हाळ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. पहाटे कंपन्यांकडून येणारा आंबूस वास, दहानंतर तापलेल्या पत्र्यांचा, आणि दुपारी करवंदांचा. बारवी धरणाकडच्या पाड्यांवरच्या बायका पळसाच्या पानांवर करवंदांचे वाटे मांडून नाक्यावर बसायच्या. त्यांतल्या एकीला मी पत्रक दिलं, तर तिने ते उलटसुलट बघितलं आणि त्याचा सुबक पुडा करून त्यातच करवंदं भरून मला परत दिली. "वाया नको जाया," म्हणाली. घरी आल्यावर बाबांनी तो जांभळा झालेला कागद हातात घेतला, आणि एवढा उपयोग आपल्या कुठल्याच पत्रकाचा झाला नसेल, असं म्हणून मनापासून हसले.

आमच्या घरात पत्रक म्हणजे धान्यासारखी वस्तू होती. बाबा लेथवर काम करायचे. कंपनी बंद पडली, पण पत्रकं बंद पडली नाहीत. बोनसचं पत्रक, वालधुनी नदीच्या निळ्या पाण्याचं पत्रक, बुवाबाजीचं पत्रक. मी आणि माझी ताई, सविता, दोघी घड्या घालत मोठ्या झालो. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिची घडी सुरीने कापल्यासारखी सरळ, माझी नेहमी तिरकी. छापायला देण्याआधी बाबा प्रत्येक पत्रक आईला मोठ्याने वाचून दाखवायचे. आई भाजी निवडत ऐकायची आणि कळलं की "हं" म्हणायची. ज्या ओळीवर "हं" आलं नाही ती ओळ खोडायची, मग ती कितीही जोरदार असो. माझ्या कितीतरी आवडत्या ओळी अशा आईच्या गप्प बसण्याने मेल्या. उद्गारचिन्हावर तर बंदीच होती. ओरडायचं असेल तर नाक्यावर जाऊन ओरड, कागदावर समजावून सांग, असं बाबा म्हणायचे. मला तेव्हा ते पटत नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही.

सौरडागांचं पत्रक मी लिहायचं ठरलं. ते सोपं नव्हतं. सूर्य म्हणजे घट्ट गोळा नाही, खदखदता तापलेला वायू आहे, आणि तो सगळीकडे सारख्या वेगाने फिरत नाही. मधला पट्टा लवकर फिरतो, टोकाकडचे भाग रेंगाळतात. त्याच्या पोटात चुंबकत्व आहे. या कमीजास्त फिरण्यामुळे चुंबकत्वाच्या रेषा ताणल्या जातात, गुंडाळल्या जातात, पिळल्या जातात. बाबांनी कागदाखाली चुंबक धरून वर लेथवरचा लोखंडाचा कीस भुरभुरला आणि कणांच्या कमानी दाखवल्या. आईने बघितलं, पण "हं" म्हणाली नाही. मग मला शिलाई मशीनची बॉबिन आठवली. आमच्याकडे उल्हासनगरच्या कारखान्यांतून जीन्स यायच्या, शिवणीतून लोंबणारे धागे कापायला. मशीनवर बसणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं की बॉबिनमधला धागा एकीकडे ढिला, एकीकडे ताठ झाला की आत गुंता होतो. मग तो गुंता कापडातून वर फुगून येतो. सूर्यावर तसंच होतं. गुंता जिथे वर येतो तिथे आतली उष्णता अडते, ती जागा भोवतालापेक्षा थोडी थंड पडते आणि काळी दिसते. तो डाग. ताण असह्य झाला की रेषा तुटतात, नव्याने जोडल्या जातात, आणि त्या झटक्यात सूर्य स्वतःच्या अंगाचा एक तुकडा अवकाशात भिरकावतो. चुंबकत्व पोटात घेतलेला वायूचा ढग. एक-दोन दिवसांत तो पृथ्वीपाशी येतो.

"हं," आई म्हणाली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला कुठल्याही परीक्षेत इतका आनंद झालेला नाही.

आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असतं, पान हलत नसतं, आणि तरीही वर एक हवामान चालू असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा आतून कळलं. तिथे वारा आहे, सूर्याकडून सतत सुटलेला. तिथे वादळं आहेत. त्या मे महिन्यात असे ढग एकामागोमाग एक आले आणि लडाखमध्ये आकाश लाल झालं. फोनवर आलेले ते फोटो बाबांनी बोटांनी मोठे करकरून बघितले. मग म्हणाले, "ध्रुवाकडचा उजेड, एवढ्या खालपर्यंत. म्हणजे काय तडाखा बसला असेल."

तडाखा बसतो तो उपग्रहांना, लांबच्या रेडिओला, शेकडो मैल पसरलेल्या विजेच्या तारांना. उपग्रहाचा विमा असतो. तारांवर लक्ष ठेवणारे इंजिनिअर असतात. पण आपल्या देशात कुठलंही संकट शेवटी बाईच्या अंगावर आणून ठेवायची एक पद्धत आहे, आणि ती पद्धत त्याही आठवड्यात चुकली नाही. फोटोंच्या मागोमाग एक मेसेज आला. सूर्यातून विषारी किरणं निघाली आहेत, दारं-खिडक्या बंद ठेवा, मोबाइल बंद ठेवा, गर्भवतींनी उजेडात येऊ नये, हा मेसेज दहा जणांना पाठवा. मोबाइल बंद ठेवून दहा जणांना कसं पाठवायचं ते लिहिलं नव्हतं. त्या दुपारी नेमकी लाइट गेली, आणि सगळ्या गल्लीची खात्री पटली. लाइट आमच्याकडे मे महिन्यात कायमच जाते, पण त्या दिवशी ती सूर्याने नेली.

मी चिडले. पत्र्याखाली बायका उकडतात, चक्कर येऊन पडतात, त्यावर कधी कोणी दहा जणांना मेसेज पाठवलाय का? पण न दिसणारं किरण म्हटलं की सगळे काळजीवाहू होतात.

आणि दुसऱ्या दिवशी दाजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, बाबांना फोन आला. सविता कालपासून वरच्या खोलीतून खाली उतरली नाही. खिडकी बंद करून बसली आहे.

ताईला तेव्हा सातवा महिना होता.

इथे मागची गोष्ट सांगायला हवी. त्याआधीच्या दीड वर्षात आमच्या घरात ती कोणी मोठ्याने उच्चारली नव्हती. आधीच्या एका दिवाळीत संध्याकाळच्या वेळी सूर्यग्रहण आलं होतं. ताईला तिसरा महिना होता. दाजींचा उल्हासनगरात कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्सचा छोटा कारखाना आहे, खाली चार मशीन, वर पत्र्याची खोली. माल द्यायचा राहिला होता, म्हणून ग्रहणात ताई कटर घेऊन धागे कापत बसली. तिच्या सासूबाई, ज्यांना सगळे आक्का म्हणतात, नको म्हणाल्या होत्या. आमच्याकडची मुलगी ऐकते कुठे. पुढच्याच आठवड्यात तिचं मूल गेलं. दवाखान्याच्या बाकावर आक्का एकच वाक्य बोलल्या, "तरी सांगत होते, हातात धार घेऊ नको." डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं, पहिल्या महिन्यांत पुष्कळ जणींना होतं, कारण असतंच असं नाही. ते सगळ्यांनी ऐकलं. पण बाकावर जे बोललं गेलं ते राहिलं.

म्हणून दाजींचा फोन आला तेव्हा मला एका क्षणात सगळं दिसलं. म्हातारीने मेसेज वाचला आणि माझ्या बहिणीला मे महिन्याच्या पत्र्याखाली कोंडलं. मी पत्रकांचा गठ्ठा पिशवीत टाकला आणि शेअर रिक्षात बसले. वाटेत भाषण तयार झालं. एकही ओळ आईला "हं" म्हणायला लावेल अशी नव्हती, आणि दर ओळीला उद्गारचिन्ह होतं.

कारखान्याच्या कोपऱ्यावर चेन आणि बटणं विकणारे एक सिंधी काका आहेत. रागारागातच त्यांच्या हातात पत्रक दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"एक बात बता बेटा. इस तूफान में मेरा पेमेंट का स्कॅनर चलेगा ना?"

"चलेगा अंकल."

"फिर काहे का तूफान," ते म्हणाले आणि पत्रक गल्ल्यावर चिकटवून टाकलं.

आक्का खाली पॅन्टच्या घड्या घालत बसल्या होत्या. "आलीस? बरं झालं. पाणी घे आधी."

मी पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्या सुरू केलं. सूर्यावरचं वादळ म्हणजे काय, ते जमिनीवरच्या माणसापर्यंत का येत नाही, पृथ्वी स्वतः एक मोठं चुंबक आहे आणि तिच्याभोवतीचं क्षेत्र ते कण वरच्या वर कसं वळवतं, उरलेले हवेत अडतात आणि ध्रुवांकडचं आकाश तेवढं रंगतं, पण गरोदर बाईला चाळीस डिग्रीत कोंडलं तर काय होतं, हे सगळं. आक्कांनी एकही घडी न चुकवता ऐकून घेतलं.

"झालं तुझं?"

"झालं."

"आता हेच वर जाऊन तिला सांग. कडी आतून आहे. सकाळपासून तीनदा जिना चढले, गुडघे गेले माझे. मी म्हणतेय बाई, खाली ये, भाजून निघशील. तुला दार उघडते का बघ."

माझं सगळं भाषण चुकीच्या माणसाला देऊन झालं होतं. मी जिना चढले.

ताईने दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं. आत टेबल फॅन गरम हवा इकडची तिकडे करत होता. खिडकीच्या फटींत जीन्सच्या चिंध्या दाबून बसवल्या होत्या, एकसारख्या, ओळीने. तिच्या हातचं काम लपत नाही. गाऊन पाठीला चिकटला होता.

"ताई, काय हे?"

"बस. फॅन फिरव तुझ्याकडे."

"तू मानतेस हा मेसेज?"

"नाही मानत."

"मग?"

"मानत नाही. खिडकी उघडायला हात जात नाही." ती भिंतीला टेकून खाली बसली. "तू आता मला समजावशील. नको. सगळं येतं मला. ग्रहणाचं पत्रक म्हणून दाखवू? ग्रहण हा केवळ सावल्यांचा खेळ आहे, त्याने अन्न नासत नाही, पाणी बाटत नाही. घड्या कोणी घातल्यात त्याच्या?"

मी फॅन तिच्याकडे वळवला. ती म्हणाली, "ग्रहणाला निदान सुटायची वेळ असते. हे सुटतं कधी?"

खरं बोलायची आमच्या घरातली सवय त्या क्षणी किती महागात पडेल हे मला कळलं नाही. "हे सुटायचं नसतं, ताई. सूर्याचा हा जोराचा काळ आहे. साधारण अकरा वर्षांनी येतो. आता वर्षभर तरी असं अधूनमधून होत राहणार."

"म्हणजे बाळ होईपर्यंत," ती म्हणाली, आणि तिने शांतपणे खिडकीतली एक सैल झालेली चिंधी अंगठ्याने आत दाबली.

बाबांनी ते ऐकलं असतं तर काय म्हणाले असते, असा विचार मी अजून करते. आमची पत्रकं खोटी नव्हती. एकाही ओळीत चूक नव्हती. पण आम्ही ती नेहमी गर्दीसाठी लिहिली, आणि गर्दीला दोष वाटून घेता येतो. ताई त्या खोलीत दीड वर्ष एकटी बसली होती.

उन्हं कलली होती. पश्चिमेकडची भिंत पत्र्याचीच आहे, आणि तिला जुन्या खिळ्यांची भोकं आहेत. ताईने खिडकी बुजवली होती, पण भोकांकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं. अंधारलेल्या खोलीत उजेडाचे पाच-सहा गोल जमिनीवर पडले होते, एक तिच्या गाऊनवर. मला काही तरी बोलायचं होतं म्हणून मी म्हणाले, "हे गोल आहेत ना, हे भोकांचे आकार नाहीत. भोकं वेडीवाकडी आहेत, बघ. हे सूर्याचे फोटो आहेत. बाबांच्या कागदावर पडतो तोच. तू कालपासून त्याला बाहेर ठेवतेयस आणि तो इथे तुझ्या मांडीवर येऊन बसलाय."

ताईने त्या गोलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिचा चेहरा इतका पांढरा झाला, की मला वाटलं तिला उष्म्याने चक्कर येतेय.

"त्या दिवशी ते तुटलेले होते," ती म्हणाली.

"काय तुटलेलं होतं?"

"हे गोल. ग्रहणाच्या दिवशी. मी इथेच बसले होते धागे कापत. अंगावर पडले होते असेच, पोटावर. सगळ्यांना एका बाजूने चावा घेतल्यासारखं झालं होतं. मी बघितलं, मुक्ते. कोणाला सांगितलं नाही. आक्का बोलल्या नसत्या ना, तरी मला माहीत होतं. माझ्यावर खूण आली होती."

फॅन फिरत राहिला. मी तिच्यापाशी सरकले. दीड वर्ष ती कटरमुळे स्वतःला दोष देत होती असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं, आणि तिच्याजवळ खरं तर हे होतं, डोळ्यांनी बघितलेलं, कोणत्याही पत्रकाला खोडता न येणारं.

"ताई, ते खरंच तुटलेले होते," मी म्हणाले. "तू बरोबर बघितलंस. चंद्र आड आला होता, सूर्याचा तेवढा भाग झाकला होता, म्हणून त्याचे फोटोही तसेच पडले. पण ते तुझ्यावर आले नव्हते. त्या संध्याकाळी जिथे जिथे पत्र्याला भोक होतं तिथे ते पडले होते. झाडांच्या पानांतून रस्त्यावर पडले होते. रिक्षावाल्यांच्या पाठीवर, काकांच्या बटणांवर. ज्या बायकांना नंतर चांगली धडधाकट मुलं झाली त्यांच्याही पोटावर. माझ्या अंगावरही पडले असतील. तू नीट बघितलंस एवढंच."

गोल तिच्या गाऊनवरून हळूहळू सरकत होता. पृथ्वी फिरतेय हे त्या दुपारी मी डोळ्यांनी बघितलं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आज वादळ आहे म्हणतात ना. मग हा गोल तसाच कसा?"

"उजेड येतो, तो रोज येतो. वादळ वर अडतं."

"आणि माझ्या हातून काही झालं नव्हतं?"

"नाही."

हे एवढं एका शब्दाचं वाक्य आम्ही कधी छापलं नाही. छापून ते कोणाला देणार होतो, तेही माहीत नाही.

पण ताई माझ्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती. दाराच्या फटीत साडीचा काठ दिसत होता. आक्का गुडघ्यांसकट चौथ्यांदा जिना चढून आल्या होत्या आणि किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. ताईने उठून कडी काढली.

आक्का आत आल्या नाहीत. उंबऱ्यावर हात टेकून धापा टाकत राहिल्या. त्यांनी जमिनीवरचे गोल बघितले, एकेक करून, सगळे.

"मी तेव्हा बोलले," त्या म्हणाल्या, "ते तुला नव्हतं गं. पहिलंच नातवंड होतं. कोणाला तरी बोलायचं होतं."

ताईची मान खाली होती.

"ह्या खोलीत माझा जीव गुदमरतोय, तर आतल्याचं काय होत असेल. चल. खाली बोळात वारा आहे."

त्यांनी हात पुढे केला. लोखंडी जिना तापून भाजत होता, म्हणून ताईने कठड्याला हात लावला नाही, आक्कांचाच धरला. आक्का पुढे, ताई मागे, दोघी तिरक्या होऊन एकेक पायरी उतरत गेल्या. वर आकाश पांढरं धगधगत होतं. अर्ध्या जिन्यावर ताई थांबली, आक्काही थांबल्या. तिने पदर घेतला नाही, कपाळावर हातही धरला नाही. डोळे मिटून तोंड वर केलं आणि तशीच उभी राहिली, ऊन चेहऱ्यावर पुरतं पसरेपर्यंत.